कुंपणावरचे फळ

ज्या वस्तूला बाजारात भाव नाही तिला घरात मान नाही, हा व्यवहार आपण कपड्यालत्त्यांपासून फळफळावळीपर्यंत सर्वत्र चालवीत असतो. आंब्याला आपण राजेपद दिले आहे. काश्मीर-हिमाचलातून गाडीभाडे भरून आलेले सफरचंद आजाऱ्याच्या उशाशी मानाने बसते. केळे देवापुढे जाते, डाळिंब पाहुण्यांपुढे. परंतु शेताच्या बांधावर, माळाच्या कडेला, पडक्या गढीच्या भिंतीलगत स्वतःच्या काट्यांच्या पहाऱ्यात पिकून लालभडक झालेले फड्या निवडुंगाचे बोंड ह्या पंगतीत कोठेच बसत नाही. ते गुराख्यांनी खावे, पाखरांनी टोचावे आणि उरलेले मातीत गळून पडावे, एवढेच त्याचे प्राक्तन आपण ठरवून ठेवले आहे.

हा निवाडा फेरविचारास घ्यावा, असे आम्हांला वाटते. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, निवडुंगाचे बोंड हे चवीला चांगले आणि पोषणाला उपयोगी असे फळ आहे, आणि ते खाणे ही दारिद्र्याची खूण नव्हे. त्याचबरोबर, अलीकडे काही ठिकाणी त्याचा रस बाटल्यांत भरून रामबाण औषध म्हणून विकला जातो, तेही त्याचे खरे स्थान नव्हे. फळाला फळ म्हणून ओळखावे, एवढाच आमचा आग्रह आहे.

आपल्या बेळगाव जिल्ह्याचे निसर्गाने दोन भाग पाडले आहेत. पश्चिमेला खानापूरकडे मुसळधार पाऊस, दाट रान, करवंदे आणि जांभळे. पूर्वेला अथणी-रायबागकडे बेताचा पाऊस, उघडे माळ आणि बाभळी-निवडुंगांची कुंपणे. पश्चिमेकडील मुले सुट्टीहून परतताना पानांच्या द्रोणांतून करवंदे आणतात आणि ती वर्गात वाटताना त्यांची छाती अभिमानाने फुगते. पूर्वेकडील मुलांनी निवडुंगाची बोंडे तितक्याच आवडीने खाल्लेली असतात. पण त्यांची गोष्ट निघाली की ही मुले गप्प बसतात. कोणी हिणवील ही धास्ती त्यांच्या मनात असते. कानडीत ह्या झुडपाला 'पापास कळ्ळी' म्हणतात. खेड्यातील मुले मराठी बोलणारी असोत वा कानडी, दोघांनाही ह्या फळाची चव ठाऊक आहे; आणि दोन्ही भाषांच्या शहरी घरांत त्याची हेटाळणीही सारखीच होते.

आमची घरची भाषा कोंकणी. समुद्रकाठच्या माणसाला हा भेद अधिकच नवलाचा वाटतो. गोव्याकडे काजूच्या फळाला आम्ही 'बोंडू' म्हणतो. मराठीतही काजूचे ते बोंड आणि निवडुंगाचेही बोंडच. दोघांचे माहेर अमेरिका खंड. काजू ब्राझीलमधून पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर आणला, आणि आज काजूवाचून गोव्याची कल्पनाही करवत नाही. उन्हाळ्यात बोंडूंचा ताजा निरो प्यावयास मिळावा म्हणून माणसे वाट पाहत असतात. मिरची, बटाटा, पेरू, पपई, अननस, सीताफळ ही सारी मंडळी त्याच नव्या जगातून आली आणि आपल्या स्वयंपाकघरात घरच्यासारखी वावरू लागली. मग एक बोंड घरात आणि दुसरे कुंपणाबाहेर, असे का व्हावे? कारण उघड आहे. काजूला बी होती आणि त्या बीला भाव होता. निवडुंगाला आपण राखणदाराचे काम दिले. आणि राखणदाराला पंगतीला बसविण्याची आपल्याकडे रीत नाही.

वास्तविक हे झुडूप कौतुकाने पाहण्याजोगे आहे. ज्याला आपण पान समजतो तो त्याचा चपटा झालेला दांडा होय. नागाच्या फडेसारखा दिसतो म्हणून तो 'फडा', आणि निवडुंग 'फड्या'. खरी पाने इवलीशी असतात व कोवळेपणीच गळून पडतात. इतर झाडे दिवसा आपली रंध्रे उघडून हवा आत घेतात आणि त्या खटाटोपात त्यांचे पुष्कळ पाणी उन्हात उडून जाते. निवडुंग ही दारे रात्रीच्या गारव्यात उघडतो, हवेतील कर्बवायू आम्लाच्या रूपाने साठवून ठेवतो आणि दिवसा दारे मिटून सूर्यप्रकाशात त्याचे अन्न बनवितो. जेथे ज्वारीही करपते, त्या माळावर रसाळ फळ पिकते ते ह्या काटकसरीच्या बळावर.

आता चवीविषयी. पिकलेल्या बोंडाचा गर मऊ, पाणीदार आणि जिभेला गार लागणारा असतो. गोडी कलिंगडाच्या जातीची, पण अधिक सौम्य. वासात काकडीची किंचित आठवण होते. लागवडीच्या जातींत आंबटपणा जवळजवळ नसतोच. आपल्या बांधावरच्या रानटी बोंडांत थोडी आंबट-तुरट झाक असते. गरात बारीक आणि टणक बिया खच्चून भरलेल्या असतात. त्या चावण्याच्या भरीस पडू नये. रानटी बोंडांत बिया फार आणि गर थोडा, हा दोष मान्यच केला पाहिजे.

दुसरा दोष कुसळांचा. मोठा काटा डोळ्यांना दिसतो, म्हणून तो टाळता येतो. खरा शत्रू म्हणजे बोंडाच्या सालीवर झुपक्याझुपक्यांनी बसलेली, केसाहून बारीक कुसळे. त्यांना उलटे दाते असतात. त्यामुळे ती कातडीत शिरली की सहज निघत नाहीत. म्हणीतले कुसळ दुसऱ्याच्या डोळ्यात असते, हे मात्र आपल्याच बोटात शिरते! म्हणून बोंड उघड्या हाताने तोडू नये. सांडशीने धरून, पिळा देऊन काढावे. मग ते वाळूत किंवा जाड गोणपाटावर चांगले घोळावे, अथवा जाळावर क्षणभर फिरवावे, म्हणजे बहुतेक कुसळे झडतात वा जळून जातात. नंतर धुऊन, दोन्ही टोके कापून सालीला उभी चीर द्यावी आणि साल दोहों बाजूंस उलगडून आतला गर सोडवून घ्यावा. सालीसकट बोंड दाताखाली धरण्याचे धाडस कधीही करू नये. जिभेत आणि घशात कुसळे रुतली तर प्राण कासावीस होतो. हात स्वच्छ धुतल्यावाचून डोळे चोळू नयेत, आणि लहान मुलांनी हे सारे मोठ्यांच्या देखतच करावे.

रस काढावयाचा असल्यास गर फडक्यातून गाळून बिया वेगळ्या कराव्या आणि वर लिंबू पिळावे. लिंबाने चव उठते; शिवाय ज्या बोंडांत आंबटपणा नाही त्यांचा रस लवकर नासतो, ती खोडही लिंबाच्या आम्लाने थोडी कमी होते. रस फार वेळ उकळू नये, कारण त्याचा सुंदर किरमिजी रंग उष्णतेने फिका पडतो.

पोषणाचा हिशेब मांडताना आम्ही लागवडीखालील निवडुंगफळाचे आकडे देतो. त्याच्या १०० ग्रॅम गरात सुमारे ८७ ग्रॅम पाणी, साडेनऊ ग्रॅम पिष्टमय व शर्करायुक्त पदार्थ, साडेतीन ग्रॅम चोथा, १४ मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व, ५६ मिलिग्रॅम कॅल्शियम, ८५ मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि २२० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. उष्मांक अवघे ४१. ह्याच्या शेजारी मानकरी सफरचंदाला बसवून पाहा. त्याच्या १०० ग्रॅममध्ये 'क' जीवनसत्त्व सुमारे ५ मिलिग्रॅम, कॅल्शियम ६, मॅग्नेशियम ५ आणि चोथा अडीच ग्रॅमच्या आत. म्हणजे 'क' जीवनसत्त्वात बोंड तिप्पट, कॅल्शियममध्ये नऊपट सरस ठरते. सफरचंद वाईट, असा ह्याचा अर्थ नव्हे. परंतु एकाला आपण पोषणाचा पुतळा मानतो आणि दुसऱ्याला फळही म्हणत नाही, ह्यात आपले अज्ञान दिसते. आणि न्याय करावयाचा तर तो पुरता करावा. परसातल्या पेरूत 'क' जीवनसत्त्व १०० ग्रॅमला २०० मिलिग्रॅमहून अधिक असते. त्याच्यापुढे सफरचंद आणि बोंड दोघांनीही मान लववावी.

येथपर्यंत उपेक्षेची गोष्ट झाली. आता अतिस्तुतीची. गुजरातेत कच्छ-सौराष्ट्राकडे ह्या फळाला 'फिंडला' म्हणतात. त्याचा रस प्याला की अंगात रक्त वाढते, असा समज तेथे रूढ आहे, आणि तो आता बाटलीबरोबर गावोगाव फिरू लागला आहे. रस लाल, रक्तही लाल. मग दोहोंचे नाते मनाला सहज पटते. पण बोंडाचा लाल रंग हा बीटरूटमध्ये असतो त्याच बीटानिन नावाच्या रंगद्रव्याचा आहे; लोहाशी त्याचा काही संबंध नाही. वर दिलेल्या १०० ग्रॅम गरात लोह असते केवळ ०.३ मिलिग्रॅम. वाढत्या वयाच्या मुलीला आहारातून दिवसाला सुमारे ३० मिलिग्रॅम लोह लागते. विद्यार्थिनींनी त्रैराशिक मांडून पाहावे: ती गरज बोंडांनीच भागवावयाची तर रोज दहा किलो गर खावा लागेल! रानटी बोंडांत हे प्रमाण थोडे इकडेतिकडे झाले, तरी उत्तराचा अर्थ बदलत नाही.

हा विषय आम्हांला थट्टेवारी नेण्यासारखा वाटत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या देशातील १५ ते १९ वर्षे वयाच्या मुलींपैकी शेकडा ५९ मुली रक्तक्षयाने पीडित आढळल्या. ज्या बाकांवर आपण बसतो त्याच बाकांवरच्या ह्या मुली आहेत. प्रार्थनेच्या वेळी घेरी येणे, जिना चढताना धाप लागणे, तिसऱ्या तासाला डोळे मिटू लागणे ह्यांस आपण आळस म्हणतो. पुष्कळदा त्यामागे रक्तक्षय असतो. सरकारी आणि अनुदानित शाळांतून आठवड्याला एक निळी गोळी देण्याची योजना आहे. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असते. ती फुकट मिळते, म्हणून घरात तिची किंमत नाही. आणि बाटली महाग, म्हणून तिच्यावर विश्वास. बोंड फुकट होते तेव्हा ते हलके होते, बाटलीत जाऊन महाग झाले तेव्हा ते अमृत झाले! दोन्ही वेळा आपण पाहिली ती किंमत, गुण पाहिलाच नाही. एखाद्या आईने पोटाला चिमटा घेऊन मुलीसाठी ती बाटली आणावी आणि निळी गोळी कोनाड्यात पडून राहावी, ह्याहून दुःखाची गोष्ट कोणती? रक्तक्षयाची शंका आली तर डॉक्टरांकडे जावे, गोळी चुकवू नये, आणि जेवणात कुळीथ, मटकी, हरभरा, पालेभाज्या, चालत असल्यास मासे-मांस असावे. त्या जेवणाबरोबर लिंबू, पेरू किंवा बोंड खाल्ले, तर त्यातील 'क' जीवनसत्त्वामुळे कडधान्यांतले लोह अंगी अधिक लागते. बोंडाचे साहाय्य एवढे, आणि ते काही थोडे नव्हे. मधुमेह्यांनीही ह्या फळाच्या नावावर आपले औषध बंद करू नये, हे जाता जाता सांगितले पाहिजे.

खाण्याच्या प्रमाणाविषयी दोन शब्द. दोन-चार बोंडे खाल्ली तर काही बिघडत नाही. हावरेपणाने पुष्कळ खाल्ली आणि बियाही गिळल्या, तर त्या आतड्यात साचून मलावरोध होतो, आणि तो कधी कधी वैद्याकडे जाण्याइतका त्रासदायक ठरतो. बोंडे खाल्ल्यानंतर लघवीला लालसर रंग आला तर घाबरू नये. तो त्याच रंगद्रव्याचा खेळ असतो.

आपण ज्याला कुंपणावर ठेवले त्याला जगाने कोठे बसविले आहे, तेही पाहण्यासारखे आहे. मेक्सिकोच्या राष्ट्रध्वजावर निवडुंगावर बसलेला गरुड आहे. त्या देशात ह्या फळाला 'तुना' म्हणतात, आणि कोवळ्या फड्यांची भाजी हे तेथले रोजचे अन्न आहे. युरोपात गेल्यावर ह्या फळाला चमत्कारिक नाव मिळाले. कोलंबसाने अमेरिकेला हिंदुस्थान समजण्याचा घोटाळा केला होता. त्यामुळे तेथून आलेले हे फळ 'हिंदी अंजीर' ठरले. लिनियस ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ साली शास्त्रीय नाव देतानाही 'फिकस-इंडिका' असेच दिले. इटलीत अजून त्याला 'फिको दिंदिया' म्हणतात. ज्याला जग हिंदुस्थानचे अंजीर म्हणते, त्याची चव हिंदुस्थानातील किती घरांना माहीत आहे?

इटलीतील सिसिली बेटावरचे शेतकरी एक युक्ती करतात. मे-जूनच्या सुमारास निवडुंगाला आलेला पहिला बहार ते झाडून टाकतात. झाड पुन्हा फुलते, आणि त्या दुसऱ्या बहाराची फळे शरद ऋतूत पिकतात; ती मोठी, अधिक रसाळ आणि कमी बियांची असतात. फळाची प्रतिष्ठा अशी माणसाच्या मेहनतीतून येते. आपल्याकडे बोराचे उदाहरण आहेच. तेही काट्याकुट्यातले फळ. पण कोणी कलमे बांधली, उमराणसारखी जात लावली, आणि तेच बोर कोरडवाहू शेतकऱ्याचे नगदी पीक झाले. निवडुंगाच्या बोंडाला असा कष्ट करणारा आपल्याकडे अजून पुरेसा भेटलेला नाही.

येथे कोणी म्हणेल, 'निवडुंग म्हणजे जमीन गिळणारे तण. त्याचे कौतुक कशाला?' हा आक्षेप खरा आहे. ऑस्ट्रेलियात १९२० नंतरच्या काळात सुमारे अडीच कोटी हेक्टर जमीन निवडुंगाने व्यापली होती. शेवटी १९२५ साली अर्जेंटिनातून एक पतंग आणला गेला. त्याच्या अळ्यांनी फडे पोखरून काही वर्षांत ती जमीन मोकळी केली. कृतज्ञ शेतकऱ्यांनी १९३६ साली बूनार्गा येथे त्या किड्याच्या नावाने सभागृह बांधले! आपल्या देशातही किरमिजी रंगाच्या लोभाने इंग्रजांनी १७९५ साली निवडुंगावर जगणारे किडे आणले, आणि पुढे १९२६ साली दक्षिणेतील माजलेला निवडुंग हटविण्यासाठी दुसऱ्या जातीचे किडे सिलोनमधून आणावे लागले.

परंतु ह्याच सुमारास मादागास्कर बेटावर उलटी गोष्ट घडली. तेथील दक्षिणेच्या कोरड्या प्रदेशात अंतांद्रोय नावाचे पशुपालक लोक राहतात. पाण्याच्या टंचाईत माणसांना निवडुंगाचे फळ आणि गुरांना निवडुंगाचे फडे, हाच त्यांचा आधार होता. फ्रेंच अंमलात १९२४ साली तेथे निवडुंगावर जगणारा किडा सोडण्यात आला. थोड्याच वर्षांत निवडुंग नाहीसा झाला. गुरे मेली, आणि १९३० च्या सुमारास माणसांवर भीषण दुष्काळ कोसळला. ज्यांनी त्याला तण ठरविले होते त्यांचे पोट त्याच्यावर अवलंबून नव्हते. ज्यांचे अवलंबून होते त्यांना कोणी विचारले नाही. एकाच झाडाच्या ह्या दोन गोष्टी विद्यार्थ्यांनी शेजारी शेजारी ठेवून वाचाव्या. एखादी वस्तू निरुपयोगी आहे असे म्हणण्यापूर्वी, ती कोणाला निरुपयोगी, हे विचारण्याची सवय त्यांतून लागेल.

म्हणून रानटी निवडुंग नव्याने शेतात लावा, असे आम्ही सांगत नाही. जो बांधावर आहे त्याचे फळ वाया घालवू नये, आणि जेथे पाण्याअभावी दुसरे काही पिकत नाही तेथे बिनकाट्याच्या, लागवडीच्या जातींचा विचार जाणत्या शेतकऱ्यांनी करावा, एवढेच आमचे सांगणे. तशा जातींचे फडे गुरांनाही घालता येतात.

विद्यार्थिमित्रांना मात्र आमची एक निराळी विनंती आहे. पुढच्या सुट्टीनंतर करवंदांच्या द्रोणाशेजारी सोललेल्या बोंडांचाही एक डबा वर्गात येऊ द्या. आणणाऱ्याने मान खाली घालू नये आणि बघणाऱ्याने हसू नये. बोंड कसे सोलावे हे शहरातल्या मुलाला येत नाही. ते खेड्यातल्या मुलाने त्याला शिकवावे. त्या एका तासापुरता गुरू तो आणि आम्ही सारे त्याचे विद्यार्थी. चव आवडली तर दुसरे मागावे, न आवडली तर तसे मोकळेपणाने सांगावे. पालकांनीही मुलाची लाल झालेली जीभ पाहून रागावण्याआधी, कुसळे नीट काढली होतीस ना, एवढेच विचारावे.